लाल मोजा आणि घोगरी घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. चर्चच्या मनोऱ्यातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. माझे उभे आयुष्य एका घोडीच्या गळ्यात गेले आणि त्याचा मला जराही कमीपणा वाटत नाही. सध्या मी एका स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला टांगलेली आहे. परवापरवापर्यंत माझ्या तोंडात एक विटका लाल मोजा कोंबलेला होता, म्हणून मला बोलता येत नव्हते. आता येते, तर सगळे सांगूनच टाकते.

मेंदोसा गावाच्या कडेला मेल्चोर नावाचा एक म्हातारा ओतारी राहत असे. फुटकी तांब्याची कढई, दोन मोडकी कुलुपे आणि खोगिरांच्या जुन्या कड्या वितळवून त्याने मला ओतले. खरे तर मी चर्चच्या वेदीपाशी वाजायची होते. पण पाद्रीबुवांनी मला एकदाच हलवले आणि तोंड वाकडे केले.

"मेल्चोर, हिला सर्दी झालीय का रे?" ते म्हणाले.

झाले! मी परत भट्टीच्या कोपऱ्यात जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. खूप दिवसांनी एक उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस आला. त्याचे नाव बाल्तासार. डोंगरापलीकडे चिली देशात दारूचे बुधले आणि मनुका नेणाऱ्या खेचरांच्या तांड्याचा तो म्होरक्या होता. त्याने मला वाजवून पाहिले.

"आवाज घोगरा आहे हो," मेल्चोर ओशाळून म्हणाला.

"गोड आवाज काय चाटायचाय मला? हजारात ओळखू आला पाहिजे," बाल्तासार म्हणाला आणि मला घेऊन गेला. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षे काढली.

त्याने मला सेनिसाच्या गळ्यात बांधले. सेनिसा ही राखी रंगाची, शांत डोळ्यांची घोडी. मित्रांनो, खेचर हे मोठे हट्टी जनावर. ते मालकाला जुमानत नाही, चाबकाला भीत नाही. पण पुढारी घोडीवर त्याचा जीव असतो. घोडीच्या गळ्यातली घंटा जिकडे वाजेल तिकडे सगळा तांडा निमूट जातो. संध्याकाळी घोडीला बांधून ठेवली की खेचरे मोकळी चरतात, पण घंटेच्या हाकेबाहेर एकही जात नाही. म्हणजे तांडा हाकायचे ते मीच. बाल्तासारला वाटायचे तो हाकतो, तर वाटू दे.

आता दोन्या कासिल्दाची गोष्ट, कारण माझी गोष्ट ती तिचीच.

दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. दोन्या कासिल्दा विधवा बाई. गावाबाहेरच्या पाटाला लागून तिचा द्राक्षांचा मळा होता. अंगाने भरलेली, मनाने मऊ आणि तोंडाने अखंड चालू. तिला मूलबाळ नव्हते. पाटापलीकडे ती कधी गेलेली नव्हती आणि खेचराला तर लांबूनच हात जोडायची. तिची जिवाभावाची मैत्रीण हासिंता लग्न होऊन मेंदोसातच राहत होती. तिला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्याशी त्या मुलीला हातांवर धरणारी धर्मआई कासिल्दाच होती. मुलीचे नाव मिकाएला. पुढे हासिंता नवऱ्याबरोबर डोंगरापलीकडे राहायला गेली, आणि थोड्याच वर्षांत विधवा होऊन दिराच्या आश्रयाला राहिली.

एके दिवशी बाल्तासार आमच्यासकट कासिल्दाच्या अंगणात आला. ती अंजिरे वाळत घालत होती. आमच्या लोकांत वाईट बातमी उभ्याने देत नाहीत. त्याने टोपी काढली आणि न सांगता ओट्यावर बसला, तेव्हाच तिच्या हातातले अंजीर खाली पडले.

"हासिंता?" तिने विचारले.

"तापानं गेली, बाईसाहेब."

"आणि पोर?"

"दिराकडं आहे. पण त्याला जड झालीय. लांब लिमा शहराला जाणाऱ्या कुणा श्रीमंत बाईला देऊन टाकतोय म्हणे, घरकामाला. थंडीच्या आत गलबत सुटणार."

कासिल्दा रडली. पदर नव्हता म्हणून शालीच्या टोकाने तिने डोळे पुसले आणि मग ती सरळ घरात जाऊन गाठोडे बांधू लागली. बाल्तासार घाबरला.

"बाईसाहेब, ही शेवटची खेप. खिंडीत बर्फ कधी पडेल सांगता येत नाही. तिथं पुरुष रडतात."

"मग मी रडले तर कुणाला नवल वाटणार नाही," ती म्हणाली. "पाण्यावर धरलं होतं मी तिला. आई गेली की मूल धर्मआईचं. हे काय मी तुला शिकवू?"

गावाने तिला वेड्यात काढले. बाईमाणसाने डोंगर ओलांडायचा? तिचा चुलतभाऊ तर खेचराचा लगाम धरून आडवा उभा राहिला. कासिल्दा म्हणाली, "सोड. आधीच हे जनावर मला घाबरलंय, त्यात तू ओरडू नकोस." आणि आम्ही निघालो.

तिच्यासारखा प्रवासी मी त्याआधी पाहिला नव्हता. ती दिवसभर बोलत असे. खेचराशी बोले, दगडांशी बोले, मेलेल्या हासिंताशी बोले. बोलता बोलता खेचराच्या पाठीवर बसून ती मिकाएलासाठी लाल लोकरीचे मोजे विणत होती. वर चढत गेलो तशी हवा विरळ झाली आणि तिला धाप लागू लागली, पण तोंड काही थांबले नाही. तांड्यातला फेर्मिन नावाचा तरणा गडी म्हणायचा, "मावशी, थोडा श्वास आम्हालाही राहू द्या."

"तू नाकानं घे, मी तोंडानं घेते," ती म्हणायची.

खिंडीच्या पलीकडे एक उतार आहे. आमचे लोक त्याला नुसता 'कडा' म्हणतात. वर सैल दगड आणि जुना बर्फ लोंबकळत असतो, आणि त्याच्या पोटाला घासून वाट जाते. तिथे आवाज केला तर डोंगर अंगावर येतो. म्हणून कड्याच्या तोंडाशी तांडा थांबतो, घंटेत लोकरीचा बोळा कोंबतात आणि पुढे सगळे मुक्याने चालतात. तेवढ्यापुरती खेचरे एकमेकांच्या शेपटीला दोरीने बांधतात. पलीकडे पोचले की दोऱ्या सोडायच्या आणि बोळा काढायचा. यात एक रीत आहे आणि ती कुणी मोडत नाही. ज्याने बोळा कोंबला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने हात लावला तर डोंगराला राग येतो म्हणतात.

त्या दिवशी फेर्मिनने लोकर शोधली तर लोकर नव्हती. आदल्या दिवशी चूल पेटवायला त्याने ती वापरून टाकली होती. बाल्तासार त्याला खाऊ की गिळू करत असताना कासिल्दाने पुरा झालेला एक लाल मोजा पुढे केला.

"घे. पोरीचा आहे, जपून कोंब."

मऊ, कोरा, अंजिरांचा वास येणारा मोजा! माझ्या तोंडात तोवर मेंढीची घाणेरडी लोकरच गेलेली होती. सगळा कडा ओलांडेपर्यंत कासिल्दा एक शब्द बोलली नाही. पलीकडे पोचल्यावर फेर्मिनने मोजा काढला, तिला परत दिला आणि म्हणाला, "मावशी, डोंगर पडला नाही याचं मला नवल नाही. तुम्ही गप्प राहिलात याचं आहे." त्यावर ती इतकी हसली की शेवटी तिला रडू आले.

हासिंताच्या दिराचे घर खाली खोऱ्यात होते. मला आणि सेनिसाला अंगणात बांधले होते, त्यामुळे आतले सगळे ऐकू येत होते. दीर मोठा माणूस, आवाजही मोठा.

"लिमात तिला चांगलं खायला मिळेल. तुम्ही कोण तिच्या?"

"धर्मआई."

"कागदावर?"

"पाण्यावर," कासिल्दा म्हणाली. "ती पाण्यात रडली तेव्हा तुम्ही दाराशी उभे राहून जांभया देत होता. मला आठवतंय. तुमच्या पाद्रींना बोलवा, त्यांच्यासमोर पुन्हा सांगते."

पाद्रींचे नाव निघताच त्याचा आवाज खाली आला. धर्मआईच्या हक्काला नाही म्हणणारा माणूस आमच्या मुलखात मान वर करून चालू शकत नाही. मुलगी बाहेर आली ती हातात काही नसलेली, अंगात आईचा आखूड केलेला झगा घातलेली. आई गेल्यापासून ती बोललीच नव्हती. कासिल्दाने तिला जवळ घेतले तर ती लाकडासारखी उभी राहिली. मोजे पायात घातले तर घालू दिले. कासिल्दा म्हणाली, "यातला एक मी त्या घंटेला उसना दिला होता हं, रागावू नकोस." तेव्हा मिकाएलाने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग ती हळूच आली आणि माझ्या तोंडात बोट घालून पाहू लागली. मला गुदगुल्या झाल्या, पण मी वाजले नाही.

परतीच्या वाटेवर तेच चालले. कासिल्दा बोलत होती आणि मूल गप्प. ती तिला गोष्टी सांगे, मनुका भरवे, झोपताना शालीत गुंडाळून पोटाशी धरी. एकदा मूल झोपल्यावर ती बाल्तासारला म्हणाली, "मी तिला आणली खरी. पण ती माझी झाली का रे? मला एकदा हाक मारली असती तर बरं वाटलं असतं." बाल्तासारने तिला भाजक्या पिठाचे पेय करून दिले.

आम्ही पुन्हा कड्याशी आलो तेव्हा आभाळ खाली उतरले होते. बाल्तासार म्हणाला, "पोरीला सेनिसावर बसवा. तिचा पाय सगळ्यांत खात्रीचा." एरवी पुढारी घोडीवर कुणी बसत नाही, पण मूल चिमणीएवढे होते. बसवल्यावर त्याने तिला बजावले, "मी सांगेपर्यंत घंटा नाही, खोकला नाही, शिंक नाही. नाहीतर डोंगर खाली येईल. कळलं?" या वेळी फेर्मिनकडे भरपूर लोकर होती. पण मिकाएलाने आपला एक पाय वर घेतला, लाल मोजा ओढून काढला आणि त्याच्यापुढे धरला. तिच्या समजुतीने तो मान माझा होता. फेर्मिन हसला आणि त्याने तोच मोजा माझ्यात कोंबला. कासिल्दाने तो उघडा पाय आपल्या रुमालात गुंडाळला आणि ती मागे आपल्या खेचरावर जाऊन बसली.

कडा आम्ही नीट ओलांडला. गड्यांनी दोऱ्या सोडल्या. पण त्याच वेळी मागच्या एका खेचराचे ओझे सरकले आणि फेर्मिन ते बांधायला मागे धावला. त्याच क्षणी बर्फ पडू लागला. बाल्तासारला वाटले, फेर्मिनने बोळा काढला. फेर्मिन ओझ्याच्या गडबडीत तो साफ विसरला. बाल्तासारने डोक्यावरून घोंगडी ओढली, सेनिसाची दोरी धरली आणि निवाऱ्याच्या खोपटाकडे तो भराभर चालू लागला. माझा आवाज येत नाही हे त्याला समजायला हवे होते. पण इतकी वर्षे माझ्या शेजारी चालून तो बिचारा अर्धा बहिरा झाला होता, आणि वर वारा.

मित्रांनो, मला सगळे कळत होते. मागे खुरांचा आवाज कमी होत गेला, मग थांबला. घंटा ऐकू येत नाही म्हटल्यावर खेचरे वाऱ्याकडे पाठ करून जागच्या जागी उभी राहतात आणि बर्फात तशीच गोठतात. मागे सगळा तांडा होता, फेर्मिन होता, गडी होते, कासिल्दा होती. मी जीव खाऊन लोलक हलवत होते आणि तो मऊ मोज्यावर आपटत होता. इतकी असहाय मी कधी झाले नाही.

रुमाल केव्हाच गळून पडला होता. मिकाएलाचा उघडा पाय माझ्याजवळ लोंबत होता, निळा पडलेला. तिने पायाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मोजा परत मिळाला नाही, म्हणजे तो अजून आत आहे. तिने मागे वळून पाहिले तर नुसते पांढरे. तिने दोरीला हिसका दिला, बाल्तासारने वळून पाहिले नाही.

डोंगर खाली येईल, असे तिला सांगितलेले होते. कडा मागे पडला हे त्या लेकराला कुठे ठाऊक? तरीही ती थांबली नाही. मग ती सेनिसाच्या मानेवर पालथी पडली, माझ्या तोंडात हात घातला, मोजा ओढून काढला आणि दोन्ही हातांनी मला धरून अशी हलवली, अशी हलवली, की मेल्चोरच्या भट्टीनंतर मला तशी ऊब कधी लागली नव्हती. आणि ती ओरडली. आईच्या मरणानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज फुटला.

"धर्मआई! इकडं! इकडं ये, धर्मआई!"

बाल्तासार गर्रकन वळला. त्याचा चेहरा बर्फाहून पांढरा झाला. त्याने मुलीला थांबवले नाही. तो स्वतः गुडघ्यांवर बसला आणि तिच्याबरोबर हाका मारू लागला.

पहिले खेचर आले. मग दुसरे. मग एकामागून एक, मिटल्या डोळ्यांनी, माझ्या घोगऱ्या आवाजाच्या रोखाने. गडी शेपट्या धरून आले. फेर्मिन आला आणि मोकळा हुंदका देऊन रडला. कासिल्दाचे खेचर काही येईना. मिकाएला वाजवतच राहिली. तिची बोटे फुटून रक्त आले. शेवटी त्या पांढऱ्यातून एक बोलणे ऐकू आले, आणि मग त्या बोलण्याच्या मागून खेचर.

"बाल्तासार, घंटा विकून खाल्लीस का रे मेल्या? केव्हाची मी या गाढवाला समजावतेय की..." एवढे बोलून ती थांबली. मुलीने दोन्ही हात पुढे केले होते.

"धर्मआई," मिकाएला म्हणाली, "मोजा ओला झाला."

कासिल्दाने तो पाय आपल्या चोळीत, छातीशी धरला. खोपटात पोचेपर्यंत ती काहीच बोलली नाही. फेर्मिननेही त्या वेळी थट्टा केली नाही.

पुढे बर्फ वितळला की दरवर्षी कासिल्दा मिकाएलाला घेऊन डोंगर ओलांडायची, हासिंताच्या थडग्यावर फुले ठेवायला. गाव आधी नावे ठेवत होते. मग गावाला सवय झाली, आणि मग तर पलीकडे कुणाची लेक द्यायची असली की लोक म्हणत, दोन्या कासिल्दाबरोबर पाठवा, नीट पोचेल. घाबरलेल्या किती नवऱ्या तिने बोलून बोलून खिंडीपार नेल्या! जो चुलतभाऊ आडवा आला होता, त्याचीही मुलगी तिनेच नेली. माझे ते वैभवाचे दिवस होते.

मग सेनिसा म्हातारी होऊन गेली. नव्या घोडीला नवी चकचकीत घंटा आली. बाल्तासारने मला आणून मिकाएलाच्या हाती दिली. "तू वाजवलीस, तुझीच," एवढेच तो बोलला. तेव्हापासून मी या दारावर आहे. मिकाएला मोठी झाली, तिचे लग्न झाले, ती धर्मआईजवळच राहिली.

कासिल्दाचे वय झाले तसे तिच्या मनातले धागे सुटू लागले. ती गाठोडे बांधून मळ्यात हिंडायची. "बाल्तासार आला का? निघायला हवं. पोर वाट बघतेय." द्राक्षांच्या ओळींत ती वाट चुकायची. मग मिकाएला मला वाजवायची आणि ती माझ्या रोखाने हळूहळू यायची. शेवटी शेवटी तिला मिकाएलाचा चेहरा ओळखू येईना. माझा आवाज मात्र येई.

"सेनिसा आली वाटतं," ती एकदा दाराशी येऊन म्हणाली. "पोर कुठंय ग बाई?"

"पोर घोडीवर बसलीय, धर्मआई," मिकाएला म्हणाली. "पुढं आहे. सुखरूप आहे."

"मोजे आहेत ना पायांत?"

"दोन्ही आहेत."

"मग झालं," कासिल्दा म्हणाली आणि जेवायला बसली.

त्याच वर्षीच्या थंडीत ती गेली. त्या दिवशी मिकाएलाने पेटीतून जपून ठेवलेला लाल मोजा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला, वाऱ्यानेसुद्धा मी वाजू नये म्हणून. मीही गप्प राहिले. दुःखाच्या दिवसांत तसेच असावे. पण दिवस गेले, वर्षे गेली, आणि मोजा तसाच राहिला. मिकाएला माझ्याखाली बसून शेंगा सोलायची आणि पुन्हा लहानपणासारखी गप्प झाली होती. घरची माणसे तिच्याभोवती हळू आवाजात बोलत. तिच्या नातीने तर माझा आवाज ऐकलेलाच नव्हता.

परवा त्या नातीने विचारले, "आजी, हिच्या तोंडात काय आहे?"

"माझा मोजा."

"काढू?"

मिकाएलाने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग म्हणाली, "नको बाळ. ज्यानं कोंबला त्यानंच काढायचा असतो." आणि ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, स्टुलावर चढली आणि तिने तो काढला. मला वारा लागला. मी वाजले.

"आजी, हिला सर्दी झालीय!" नात ओरडली.

मिकाएला हसली. मग रडली. मग बोलू लागली आणि दिवेलागणीपर्यंत बोलतच राहिली, आणि ती नात तिच्या मांडीवर चढून सगळे ऐकत बसली.

मित्रांनो, एक विनवणी करते. घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढेच सांगेन, की कडा असेल तिथे गप्प राहा. पण कडा मागे पडला की बोळा काढायला विसरू नका. तुमच्या मागे, पांढऱ्यात, कुणीतरी तुमचा आवाज ऐकायला उभे असते.